गच्चीवरचे झिंगे

"ये सूपा किसका है?"

चाची, माझी घरमालकीण, गच्चीच्या दारात उभी होती. पदर नाकाला. मी खाली कपडे धूत होते. तिचा आवाज ऐकला आणि तशीच ओल्या हातानं वर आले.

"मेरा है, चाची."

"क्या है इसमें?"

"झिंगे."

झिंगे म्हणजे तलावातली बारीक कोळंबी. माझी माय ती वाळवते आणि डब्यात भरून देते. गावाहून निघताना म्हणाली होती, "ऊन दाखवजो बाई अधूनमधून, नाहीतं कीड लागते." म्हणून सकाळी सुपात पसरून मी ते गच्चीच्या एका कोपऱ्यात ठेवले. दुसऱ्या कोपऱ्यात चाचीचे मुगाचे पापड धुतलेल्या धोतरावर वाळत होते. मधे अख्खी गच्ची मोकळी. आमच्या मोहल्ल्यात वाळवण घालताना कोणी कोणाला विचारत नाही. इकडं एकीची मिरची, तिकडं दुसरीच्या वड्या, पलीकडं आमचे झिंगे. कुत्रं आलं तर जी जवळ असेल ती हाकलते. चांगलं ऊन दिसलं की वाळवण घालायचं, एवढंच मला ठाऊक. चाचीच्या घरात ही चूक ठरली.

चाचीनं सुपाला हात लावला नाही. झाडूच्या दांड्यानं ते कडेपर्यंत ढकलत नेलं आणि तिथून खाली लोटलं. झिंगे नालीत पडले. सूपही पडलं. मग तिची नजर स्वतःच्या पापडांवर गेली.

"हवा इधर की ही है," ती म्हणाली. "सब गया. उठा ये सब."

मी पापड उचलले. एकेक. शेजारच्या गच्चीवर दोघी जणी कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबून बघत राहिल्या. पापडांचा ढीग हातात घेऊन मी विचारलं, "कहाँ फेंकूँ?"

"फेंकना मत. नाली साफ करने वाली आती है ना, उसको दे देंगे."

म्हणजे पापड वाया गेले नव्हते. चाचीच्या पोटासाठी बाटले होते, नाली साफ करणाऱ्या बाईच्या पोटासाठी चांगले होते. मी ते हातात धरून उभी होते. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. लाज वाटत होती. आणि आपल्याला लाज का वाटावी, याचा संताप येत होता.

जिन्यात चाचीनं मला थांबवलं. माझं आडनाव घेतलं आणि म्हणाली, "ये लोग मछली कब से खाने लगे? झूठ बोल के कमरा लिया तूने?"

ते आडनाव माझं नव्हतं.

ते कोणतं, इथं लिहीत नाही. तुमच्या मनात जे पहिलं आलं, तेच समजा. माझं खरं आडनावही लिहीत नाही. मला ठाऊक आहे, वाचायला सुरुवात केल्यापासून तुम्ही तेच शोधताय. सगळेच शोधतात. सरळ विचारणारे कमी. बाकीचे विचारतात, बाबा काय करतात, गावात घर कोणत्या बाजूला आहे, शिकताना फी किती भरावी लागली. मला आता हे सगळे रस्ते पाठ झालेत. कोणी प्रेमानं "गाव कोणतं बेटा?" म्हणालं, तरी मी आधी त्याच्या डोळ्यांकडं बघते.

ते उसनं आडनाव मला ऑफिसातून मिळालं.

गोंदियात स्टेशनच्या बाजूला, एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. कानाला हेडफोन लावून आम्ही मुली लोकांना फोन करतो आणि त्यांची मतं विचारतो. त्या वर्षी काम आलं होतं समुद्राकाठच्या एका मोठ्या शहराचं. तिथं राहणाऱ्या लोकांना विचारायचं, बाहेर कुठं जेवता? पूर्वीच्या खाण्याच्या जागांत आणि आताच्या जागांत काय फरक? घर मिळणं सोपं आहे का? शेजारी कसे लोक असावेत? शहर बदलतंय, ते बरं वाटतं का? हे कोणाला जाणून घ्यायचं होतं, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. माझा संशय असा की कोणाला तरी तिथली एखादी जागा पाहिजे असणार. नुसतं कुतूहल म्हणून आमच्यासारख्या मुलींना कोणी खुर्चीवर बसवत नाही.

मी समुद्र पाहिलेला नाही. माझे बाबा इटियाडोहच्या पाण्यावर जाळं टाकतात. धरण भरलं की पलीकडचा काठ धूसर होतो. लहानपणी मी त्यालाच समुद्र समजत होते.

पहिल्या दिवशी ऑफिस चालवणाऱ्या सरांनी मला माझ्या खऱ्या आडनावानं एक फोन करायला लावला. मग म्हणाले, "मराठी तुझी साफ आहे. आवाज मस्त आहे. नाव फक्त बदलून टाकू. लोक नाव ऐकूनच तं बोलतात." आणि त्यांनी ते आडनाव दिलं. ऑफिसातल्या सगळ्याच मुलींची फोनवरची नावं वेगळी होती. पण बाकीच्यांची फक्त पहिली नावं बदलली होती. आडनाव माझं एकटीचं बदललं. मी हे सरांना विचारलं. ते हसले. "तू फार मनावर घेतेस." सर चांगला माणूस, असं सगळे म्हणतात. चांगल्या माणसावर मी जरा जास्तच नजर ठेवते.

पण सरांचं खरं निघालं. त्या आडनावानं लोक बोलायला लागले. मोकळे होऊन बोलायला लागले.

एक आजोबा होते, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची जुनी खानावळ बंद पडली होती. एकाच बाकावर चार अनोळखी माणसं बसायची, एकमेकांना ताक पुढं करायची, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आता तिथं कॉफीचं दुकान झालंय, आत गेलं की पोरं आपल्याकडं बघतात, म्हणाले. मला आजोबा आवडले. मग घरांचा प्रश्न आला. "नवीन लोक येताहेत इमारतीत. तसे चांगले आहेत. पण... तुम्हाला कळतंच."

त्यांच्यानंतर एक बाई. समुद्रावर फिरायला किती सुंदर रस्ता केलाय, रोज संध्याकाळी जाते, म्हणाली. "फक्त त्या होड्या तिथून हलवायला हव्यात. आणि ती वाळत घातलेली मासळी. वासानं चालवत नाही." त्याच बाईला मी आधी विचारलं होतं, बाहेर काय खायला आवडतं. तिनं हॉटेलाचं नाव सांगितलं होतं. म्हणाली होती, सुरमई खावी तर तिथलीच.

"म्हणजे मासे आवडतात तुम्हाला," मी म्हटलं.

"मासे आवडतात हो. पण ते लोक शेजारी नकोत. तुम्हाला कळतंच."

तुम्हाला कळतंच. हे दोन शब्द मी रोज ऐकत होते. सोसायटीत नियम नाही, पण समज आहे. तुम्हाला कळतंच. भाडेकरू शिकलेला असावा, खाणंपिणं आपल्यासारखं असावं. तुम्हाला कळतंच. ती माणसं मला आपल्यातली समजून दार लोटून घेत होती आणि मग खरं बोलत होती. मी आत बसून टाइप करत होते. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. नंतर नंतर मी घरी येऊन नुसती भिंतीकडं बघत बसायचे.

घरी म्हणजे चाचीच्या घरी, गोंदियाजवळच्या मुर्रीच्या बाजूला नवीन वस्ती झाली आहे तिथं. त्याआधी मी बऱ्याच दारांत उभी राहिले होते. दार उघडायचं, खोली रिकामी दिसायची, आडनाव सांगितलं की घरमालकाचा भाचा शिकायला येणार असायचा. गोंदियात एवढे भाचे शिकायला येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग सरांनीच चाचीला फोन केला. चाची त्यांच्या ओळखीची. "हमारे ऑफिस की मॅडम है," म्हणाले आणि फोनवरचं आडनाव सांगितलं. चाचीनं मला आत घेतलं, पाणी दिलं, बेटा म्हणाली. आधार कार्ड मागितलंच नाही. मी पर्समध्ये घेऊन गेले होते. वरच्या जातीच्या आडनावाला पुरावा लागत नाही. खोटं मी बोलले नव्हते. माझ्या अंगावर ते चढवलं होतं, आणि डोक्यावर छप्पर पाहिजे होतं म्हणून मी ते उतरवलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मायचा फोन आला.

"झिंगे पुरून राहिले का व बाई?"

मी सांगितलं, नालीत गेले. सगळं सांगितलं. पापडांचंही. आडनावाचंही. तिला ते माहीत नव्हतं. तिच्यामागं बाबा कोणाला तरी जाळ्याचं काही सांगत होते, ते ऐकू येत होतं.

माय डोक्यावर टोपली घेऊन गावात मासोळी विकते. धानाच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी समोरून गेलेलं चालत नाही, मागच्या दाराशी जाऊन हाक द्यावी लागते. लहानपणी मी तिच्यासोबत जायचे. एकदा समोरच्या ओसरीत चढले तर घरच्या म्हाताऱ्यानं माझ्या पायापाशी काठी आपटली होती. तेव्हा मायनं मला ओढून मागं नेलं होतं. त्यामुळं मला वाटलं, आताही म्हणेल, जाऊ दे बाई, माफी मागून टाक.

ती म्हणाली, "मले मांगच्या दारानं बलावतेत. पन ढिवरीन आली, मासोळीवाली आली म्हनतेत. माह्या नावानं बलावतेत. तुले कोनाच्या नावानं बलावतेत व?"

मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि मग फोन ठेवला.

सोमवारी ऑफिसात पाय ठेवला तर सर वाटच बघत होते. चाचीनं त्यांना सगळं कळवलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. मला तेव्हाच शंका आली. एरवी चहा मागवत नाहीत.

"तू काऊन घातले ते गच्चीवर? डब्यात ठेवून चुपचाप खात जा ना."

"कीड लागते, सर."

"अरे, मग फेकून दे. आता ऐक. मी चाचीले सांगतलं, डबा तुझ्या मैत्रिणीचा होता. तू फक्त एक सॉरी बोलून दे. कमरा राहते, नाव राहते, काम राहते. सगळ्यांचं भलं."

"आणि माझं खरं नाव?"

"ते कुठं पळून चाललं का? आधारवर आहे ना."

त्यांना वाटलं आपण विनोद केला. मी चहा प्याले नाही. संध्याकाळपर्यंत विचार कर, म्हणाले. मी जागेवर येऊन हेडफोन लावला. समोर नवा नंबर आला होता.

पलीकडं एक म्हातारी होती. आवाज खरखरीत. मागं बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज. मी उसन्या आडनावानं नमस्कार केला आणि पहिला प्रश्न वाचला. मावशी, तुमच्या भागात बाहेर जेवायला कुठं जाता?

"बाहेर जेवायला?" ती हसली. "ते समुद्रावरचं मोठं हाटेल हाय ना, त्याला मासळी मी देते. मागच्या दारानं. पुढून आत कवा गेले नाय."

माझे हात टाइप करायचे थांबले. मागच्या दारानं. मी दुसरा प्रश्न विचारला, घरांचा. आता तिचा आवाज बदलला.

"तुझं आडनाव काय सांगितलंस गो?"

मी पुन्हा सांगितलं.

"मग तू कशाला इचारतेस? तुमच्याच लोकांनी अर्ज केलाय ना आमच्यावर. वास येतो म्हणून. आमची सुकत घालायची जागा काढून घेतायत. माझ्याकडून काय पाहिजे तुला? ठेव फोन."

ज्या आडनावानं एवढी दारं उघडली होती, त्याच आडनावानं हे एक दार माझ्या तोंडावर बंद झालं. आणि माझा तिच्यावर राग नव्हता. तिनं नाव ऐकून माझ्यावर संशय घेतला, तो बरोबर होता. तिच्या जागी मी असते तर मीही घेतला असता. मला एकदम त्या आडनावाची किळस आली. अंगावरचा ओला कपडा काढून टाकावा तसं वाटलं.

"मावशी, ठेवू नका," मी म्हटलं. "ते नाव माझं नाही. ते ऑफिसनं दिलंय." आणि मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. "मी ढिवराची आहे. आमच्याकडं समुद्र नाही, धरण आहे. बाबा जाळं टाकतात. माय टोपली घेऊन फिरते."

बाजूच्या मुली वळून बघायला लागल्या. मावशी मात्र अजून संशयातच होती.

"असं? काय सुकवता तुम्ही?"

"झिंगे. बारीक."

"मीठ लावता?"

"नाही. मीठ लावलं की पाणी सुटतं. नुसत्या उन्हात. पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, नाहीतर मोडतात."

तिनं मागच्या बायकांना गप्प केलं.

"आमचा जवळा तसाच," म्हणाली. "आमी पण नाय लावत मीठ."

मग ती बोलली. कधीपासून तिथं राहतात ते बोलली. सुकवायच्या जागेवर आता बसायला बाकडी टाकणार आहेत, समुद्र बघायला. तिची सून हॉटेलात भांडी घासते, तिथं आपण मासळीवाल्यांच्या घरातले आहोत हे सांगत नाही. "पोरी, तूही सांगत नव्हतीस ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "सांगत जा," म्हणाली. "आपण नाय सांगितलं की त्यांना बरं पडतं." मी तिचा शब्द न् शब्द लिहून घेतला.

फोन संपला तेव्हा सर मागं उभे होते. ते मधून मधून आमचे फोन ऐकतात.

"ही मुलाखत बाद," म्हणाले. "आपण मत घेतो, देत नाही. तू स्वतःचं पुराण लावलं."

"आजपर्यंतच्या सगळ्या बाद करा मग," मी म्हटलं. "त्या खोट्या नावानं घेतल्या आहेत. त्या माणसांनी मला सांगितलं नाही. त्या आडनावाला सांगितलं."

"आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. पण ओरडलेही नाही. हेडफोन पुन्हा चढवला आणि पुढचा नंबर लावला. सर तिथंच होते. पलीकडून एका बाईनं गोड आवाजात हॅलो म्हटलं. मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. काम सांगितलं. बाई म्हणाली, "कोण? पुन्हा सांगा आडनाव." मी पुन्हा सांगितलं. "आता वेळ नाही हो मला," म्हणाली आणि फोन ठेवला.

उत्तराच्या जागी मी लिहिलं, नाव दोनदा विचारलं आणि फोन ठेवला.

"हे काय लिहिलं?"

"मत आहे, सर. त्यांचं."

सरांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला. हळूच काढला, सगळ्या मुली बघत होत्या ना. उद्यापासून येऊ नको, असं ते म्हणाले नाहीत. "तू थोडे दिवस आराम कर," म्हणाले. मी म्हटलं, "आराम नको. काढून टाकलं म्हणा." ते म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. गावी परत जायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

चाचीच्या घरी गेले. ती सॉरीची वाट बघत अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मी आधार कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं. कार्ड खुर्चीच्या हातावर ठेवून दिलं आणि बोटं पदराला पुसली.

"तूने धोखा दिया."

"तुम्ही विचारलंच नव्हतं, चाची. त्या नावावर तुम्ही खुश होता. आणि झिंगे माझे होते. मैत्रिणीचे नव्हते. माझे."

"कमरा खाली कर."

"करते. सूप माझं नालीत पडलंय, ते आधी घेते."

मी नालीत हात घालून सूप काढलं. तिथंच नळावर घासून धुतलं. शेजारच्या दोघी पुन्हा गच्चीवर आल्या होत्या. या वेळी मी वर बघितलं. त्यांनीच नजर खाली घेतली.

आता मी खोली शोधते आहे. एका ओळखीच्या बाईच्या पडवीत अंग टाकायला जागा मिळाली आहे, तीही किती दिवस देईल सांगता येत नाही. ती चांगली आहे. तरी माझं लक्ष असतं. मायनं झिंग्यांचा दुसरा डबा पाठवलाय. तो घेऊनच मी दारोदार फिरते. दार उघडलं की आधी पूर्ण नाव सांगते. कोणाचा भाचा शिकायला येणार असेल, तर त्याचं नाव विचारते, कोणत्या कॉलेजात येतोय ते विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नाही. कोणी हसून आत या म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवत नाही. डब्याचं झाकण उघडते, समोर धरते. हे मी खाते. हे मी उन्हात घालणार, तुमच्या पापडांच्या बाजूला.

खोली नंतर बघते. आधी गच्ची दाखवा.